शमुवेल वाचताना दहाव्या वचनाला थांबू नकोस

भायखळा, रविवार रात्र

प्रिय मुली,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझा मेसेज दुपारीच वाचला होता. तुझी काकू म्हणाली, फोन करा की. पण फोनवर मी भाषण ठोकतो आणि तू "हो काका, हो काका" करत राहतेस, त्यातून दोघांच्याही हाती काही लागत नाही. म्हणून वहीचा कागद फाडून बसलोय. अक्षर लागलं नाही तर काकूला विचार, तिला चाळीस वर्षांची सवय आहे.

तू लिहिलंयस, रोज सकाळच्या लोकलमध्ये ॲपवर तीन अध्याय होतात, चार महिन्यांत एक दिवस चुकलेला नाही, आणि तरी आत काही हलत नाही. "काका, माझं मनच दगड झालंय बहुतेक." आणि त्याच मेसेजच्या शेवटी, पुढच्या रविवारी चर्चमध्ये मोठ्याने वाचायचा शास्त्रपाठ, शमुवेलाच्या पुस्तकातला, तुझ्याकडे आलाय, तर नाही म्हणू का, असंही.

आधी दगडाचं बघू. येशूने सांगितलेल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यात खडकाळ जमीन दुसरी येते. पहिली येते ती वाट. वाटेवर बी पडतं, तुडवलं जातं, पाखरं टिपून नेतात. आता ही वाट काही वेगळ्या मातीची नसते गं. शेतातलीच माती. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी घट्ट झालेली. सकाळी नऊ वाजता दादरच्या पुलावर मूठभर ज्वारी टाकून बघ, काय होतं ते. तुझ्या मनावरून दिवसभर किती पाय जातात? ऑफिसचा ग्रुप, घराचा हप्ता, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, चौथ्या सीटवरून झालेली भांडणं. म्हणजे दगड वगैरे काही नाही. वर्दळ आहे. तुडवलेली माती कुदळ लागली की सुटते.

फोनवर वाचतेस याचं मला काही वाटत नाही, हेही सांगून टाकतो. मंडळीतले काहीजण नाक मुरडतात. माझी आजी तर वाचतच नव्हती, तिला अक्षरओळख नव्हती. नगरकडच्या आमच्या गावात संध्याकाळी कोणीतरी वाचायचं आणि ती तांदूळ निवडता निवडता ऐकायची. तिचं सगळं शास्त्र कानातून आत गेलेलं. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं बायबलच्या मराठी भाषांतरात घातली, ती आजीसारख्या बायकांसाठीच. हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळावरून केलेलं काम, पण मराठी अशी की खेड्यातल्या बाईला ऐकून कळावी. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या, त्याच्या थोडं आधी काम पुरं झालं होतं. पुस्तक निघालं १९२४ साली. एवढा खटाटोप कागदासाठी नव्हता, कानासाठी होता.

आणि कान ही मोठी लबाड चीज आहे. तूच बघ. लेडीज डब्यात एखादी बाई खिडकीला डोकं टेकून गाढ पेंगत असते. कुर्ला झालं, घाटकोपर झालं, ठाणं झालं, मुंब्रा झालं, प्रत्येक वेळी वरून घोषणा होते, तिला पत्ता नाही. डोंबिवलीची घोषणा झाली की बरोब्बर डोळे उघडतात आणि हात पर्सवर जातो. झोपेतसुद्धा कान आपलं स्टेशन ओळखतो. शास्त्र ऐकताना आपण नेमकं उलटं करतो. दुसऱ्यांच्या स्टेशनांना टक्क जागे. हे वचन जाऊबाईला लागू, हे अमक्या वडीलधाऱ्याला चपखल. आपलं स्टेशन आलं की डुलकी.

हे मी तुला वरून शिकवत नाहीये. ऐक माझीच गोष्ट.

माझ्या मोठ्या भावाशी मी सहा वर्षं बोलत नव्हतो. कारण सांगण्यासारखं नाही. वडिलांच्या फंडाचे पैसे आणि गावचं दोन खणांचं घर. त्या काळात मंडळीत सगळ्यात चांगलं वाचणारा मी. आवाज होता, उच्चार स्वच्छ, 'श' आणि 'ष' वेगळे. एका रविवारी पाठ आला मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातला. आपलं दान वेदीपाशी आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. मी ते असं वाचलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प झाली. बाहेर आल्यावर चार जणांनी हात हातात घेतला. पाळक म्हणाले, आज उपदेशाची गरजच नव्हती. मी तरंगतच घरी आलो.

काकू स्वयंपाकघरात मटणाला वाटण परतत होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "आज कोणाच्या भावाबद्दल वाचलंत?"

बस, एवढंच. मला आधी राग आला. मग जेवण गेलं नाही. खरं सांगायचं तर लगेच कल्याणला धावलो असंही नाही. चार महिने लागले. गेलो तेव्हा भावाने दार उघडलं, जरा वेळ उंबऱ्यातच उभा राहिला आणि म्हणाला, "चहा घेतोस?" गळामिठी वगैरे काही झालं नाही. घराचा प्रश्न आजही अर्धवट आहे. पण गेल्या नाताळला त्याच्याकडून करंज्यांचा डबा आला.

वाचलं मी होतं, ऐकलं काकूने. माझ्या तोंडून निघालेलं वचन माझ्या कानापर्यंत पोहोचायला फोडणीच्या वासातून जावं लागलं.

मार्क आणि लूक या दोघांनी दिव्याच्या दाखल्यापाठोपाठ येशूचा एक इशारा दिलाय. मार्कात तो आहे, तुम्ही काय ऐकता याकडे लक्ष द्या. लूकात, तुम्ही कसे ऐकता याविषयी जपा. एका शब्दाचा फरक. मला लूकाचं 'कसे' जास्त बोचतं. 'काय' तर तुझ्या ॲपने ठरवूनच दिलंय, रोजचे तीन अध्याय.

आमच्या मजल्यावर एक वारकरी आजोबा होते. ते म्हणायचे, कीर्तनाला येणारे खूप, अवधान देणारा एखादा. ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाची सुरुवातच श्रोत्यांकडे अवधान मागून केलीय, हे मला त्यांनीच दाखवलं. शब्द मला फार आवडला. लक्ष आपोआप जातं, अवधान द्यावं लागतं.

आता गाडीत वाचण्यावरून आठवलं. नारायण वामन टिळक तुला कवितेपुरते माहीत असतील. १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. गप्पा संस्कृत कवितेवरून सुरू झाल्या, धर्मावर आल्या, आणि उतरताना त्याने टिळकांना बायबलचा नवा करार दिला. टिळकांना फार उत्साह नव्हता, पण वाचीन म्हणून शब्द दिलेला. वाचायला घेतलं आणि गाडी अडली कुठे? मत्तयाच्या पाचव्या, सहाव्या, सातव्या अध्यायात. डोंगरावरचं प्रवचन. त्यांना तिथून हलताच येईना. तुझ्या ॲपच्या हिशेबाने ते तीन अध्याय म्हणजे एका दिवसाचं काम. पुढे १८९५ च्या फेब्रुवारीत इथे मुंबईतच त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. म्हणजे कान आधीपासून नांगरलेला होता, अभंगांनी.

तेव्हा माझं ऐकशील तर ते तीन अध्याय सोड. आकडा तुटू दे. तुटल्यावर एक दिवस वाईट वाटेल, मग सुटल्यासारखं वाटेल. दहा-बारा वचनं घे. घरी असशील तर मोठ्याने वाच, गाडीत असशील तर ओठ हलवत वाच, मुंबईत कोणी तुझ्याकडे बघत नाही. जिथून झटकन पुढे जावंसं वाटतं तिथे थांब, कारण बहुतेक वेळा तुझं स्टेशन तेच असतं. आणि एखादं वचन वाचल्यावाचल्या कोणालातरी पाठवावंसं वाटलं, तर पाठवू नकोस. दोन दिवस स्वतःजवळ ठेव.

काही दिवस काहीच होणार नाही. त्याला इलाज नाही.

तू विचारलंस, उजेड पसरवा म्हणतात, माझ्यात आहे का तो, मला तर दिसत नाही. यावर तुला माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. ते दौंड-मनमाड लाइनवर एका लहान स्टेशनात बत्तीवाले होते. तेव्हा खांबावर हात वर-खाली होणारे सिग्नल. दिवस मावळायच्या आत घासलेटचे दिवे भरून, वाती कातरून, दोन्ही हातांत घेऊन ते स्टेशनाबाहेरच्या आऊटर सिग्नलपर्यंत चालत जायचे आणि शिडी चढून दिवा बसवायचे. दिव्याची ज्योत करंगळीच्या पेराएवढी. पुढे जाड भिंग, त्याच्यापुढे सिग्नलच्या हाताला लावलेली लाल-हिरवी काच. ते भिंग वडील मऊ फडक्याने पुसायचे, आधी तोंडाची वाफ देऊन. काजळी राहिली तर ज्योत कितीही मोठी करा, उपयोग नाही. उलट काजळी वाढते.

गंमत अशी की तो उजेड स्टेशनातून दिसायचाच नाही. त्याचं तोंड येणाऱ्या गाडीकडे. दिव्याच्या मागच्या अंगाला फक्त एक बारीक भोक असायचं. तेवढा पांढरा ठिपका केबिनमधून दिसला की समजायचं, दिवा जळतोय. मी एकदा हट्ट धरला, मला पुढून बघायचंय. वडील म्हणाले, "पुढून बघायला ड्रायव्हर आहे. आपण ठिपका बघायचा."

मोशे सिनाय डोंगरावरून उतरला तेव्हाचं वर्णन बायबलातल्या निर्गम पुस्तकाच्या ३४ व्या अध्यायात आहे. देवाशी बोलून आल्यामुळे त्याचा चेहरा तेजस्वी झाला होता, आणि ते त्याला ठाऊक नव्हतं. लोक भ्याले तेव्हा कळलं. प्रेषित पौलाने करिंथकरांना दुसऱ्या पत्रात हीच गोष्ट घेतली आणि आरशाचा शब्द वापरला. तेव्हाचे आरसे काचेचे नव्हते, घासून चकचकीत केलेल्या काशाचे. वरचेवर घासावे लागत, नाहीतर काळे पडत. आरशाला कधी स्वतःचा उजेड दिसलाय? मोशे डोंगरावर स्वतःचा चेहरा उजळायला गेला नव्हता. तो ऐकायला गेला होता.

तुझा ठिपका मला दिसतो, म्हणून लिहितोय. मागच्या पावसाळ्यात गाड्या बंद पडल्या तेव्हा स्टेशनात अडकलेल्या त्या गरोदर बाईला तू घरी घेऊन गेलीस. तू आम्हाला सांगितलं नाहीस, तुझ्या आईने सांगितलं. फार फुगू नकोस. ठिपकाच आहे.

एक गोष्ट मात्र वाचून घे. मत्तयातल्या डोंगरावरच्या त्याच प्रवचनात दिवा दिवठणीवर ठेवण्याचं वचन पंधरावं आहे, आणि दान ठेवून भावाकडे जाण्याचं तेविसावं. मी वर्षानुवर्षं पंधरावं पाठ म्हणत होतो. मधली सात वचनं ओलांडायला मला कल्याणची गाडी पकडावी लागली.

आता तुझा पाठ. नाही म्हणू नकोस. तुझ्याकडे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा तिसरा अध्याय आलाय, आणि यादीत १ ते १० वचनं लिहिली असतील. पाळकांना मी सांगतो, तू अठरापर्यंत वाच. दहाव्याला थांबलं की गोष्ट फार गोड होते. देवाचा दीप अजून विझलेला नाही, पोरगं मंदिरात झोपलंय, हाक येते, ते तीनदा म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडे धावतं, आणि शेवटी म्हणतं, बोल, तुझा दास ऐकत आहे. संडे स्कूलच्या भिंतीवर चित्र लावावं असं. पण ऐकू काय आलं? ऐकणाऱ्याचे कान भणभणतील असा निकाल, आणि तोही एलीच्या घराण्यावर. ज्या म्हाताऱ्याने कसं ऐकायचं ते शिकवलं, त्याच्याचविरुद्ध. शमुवेल सकाळपर्यंत पडून राहिला, उठून मंदिराची दारं उघडली, आणि सांगायला भ्याला. मग एलीने काय केलं? काही लपवू नकोस म्हणाला. सगळं ऐकून घेतलं, आणि तो परमेश्वर आहे, त्याला बरं दिसेल ते तो करो, म्हणाला. डोळे अधू झाले होते त्याचे. कान शाबूत होते.

या वयात मला शमुवेलापेक्षा एलीच जास्त कळतो. तुला वाचताना माझ्याविरुद्ध काही ऐकू आलं तर मलाही सांगत जा. रागावेन, पण सांग.

आता बारीकसारीक. घरी तीनदा मोठ्याने वाचून ये. 'शमुवेल, शमुवेल' ही हाक नाटकी करू नकोस, आई झोपलेल्या पोराला उठवते तशी म्हण. डावीकडचा माइक खरखरतो, उजवीकडचा घे. दहाव्या वचनानंतर एक श्वास थांब आणि मगच पुढे जा. रविवारी मेगाब्लॉक आहे का ते शनिवारी रात्रीच बघून ठेव. गेल्या खेपेला तू आलीस तेव्हा प्रभुभोजन आटोपलं होतं.

उपासनेनंतर घरी जेवायला ये. काकूचा स्टीलचा डबा तुझ्याकडे राहिलाय, तो आठवणीने आण. नाताळचा तो करंज्यांचा डबाही अजून आमच्याकडेच पडलाय. या महिन्यात कल्याणला परत द्यायला जायचंय, वाटेत डोंबिवलीला तुझ्या आईला भेटून जाईन.

तुझा,
काका