चिमणी घेण्याआधी नळीची वाट ठरवा
स्वयंपाकघराच्या रचनेविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बहुतेक पत्रे ओट्यावरच्या चिमणीबद्दलची आहेत. त्यांतील सारखे प्रश्न एकत्र करून पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : ठाण्यात आम्ही दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला आहे. स्वयंपाकघर आठ बाय दहा फुटांचे असून हॉलला खुले आहे. तीन बर्नरची, 75 सेंटिमीटर रुंदीची शेगडी ओट्यात बसवायची आहे. दुकानदार 1500 सक्शनची, फिल्टर नसलेली ऑटोक्लीन चिमणी घ्या म्हणतो. इंटिरिअर करणारे गृहस्थ मात्र 60 सेंटिमीटरची, बिननळीची चिमणी सुचवतात, कारण तिच्यामुळे खिडकीपर्यंत जाणारा पाइप टळेल. कोणाचे ऐकावे? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : बिननळीची चिमणी तुमच्या घरासाठी नको, हे आधी सांगतो. ती ओट्यावरची हवा कोळशाच्या फिल्टरमधून गाळून पुन्हा त्याच खोलीत सोडते. तेलाचा काही अंश आणि थोडा वास त्यात अडकतो. परंतु कुकरची वाफ, शेगडीची उष्णता आणि ज्योतीतून निघणारे नायट्रोजन डायऑक्साइडसारखे वायू घरातच राहतात, शिवाय तो कोळसा ठरावीक काळाने बदलावा लागतो. ज्या घरात मिरचीची फोडणी पडली की सोफ्यावर बसलेल्या माणसाला ठसका लागतो, तिथे ही चिमणी शोभेपलीकडे फारशी उपयोगाची नाही. उच्च तापमानाला तळताना निघणाऱ्या धुराची गणना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात केली असून तिचा तो अहवाल 2010 साली प्रसिद्ध झाला आहे. तेव्हा धूर घराबाहेर काढणे हा निव्वळ वासाचा प्रश्न नाही.

आता दुकानदाराच्या 1500 या आकड्याकडे वळू. तो घनमीटर प्रतितास या मापातला आहे आणि बहुधा नळी न जोडता, मोकळ्या हवेत मोजलेला असतो. साडेनऊ फूट उंची धरली, तर तुमच्या स्वयंपाकघरात सुमारे साडेएकवीस घनमीटर हवा मावते. म्हणजे हा आकडा अक्षरशः खरा मानला, तर तुमची चिमणी स्वयंपाकघरातली सगळी हवा तासाला सत्तर वेळा बाहेर फेकणार! तेवढीच हवा दुसरीकडून आत यावी लागते, आणि आपल्याकडे तर चिमणी सुरू केली की खिडकी लावून घेण्याची सवय आहे. स्वयंपाकघरातली हवा तासाला पंधरा वेळा बदलावी असे धरले, तर सव्वातीनशे घनमीटर पुरतात. हॉल खुला असल्यामुळे आणि आपल्या फोडण्यांचा विचार करून ही गरज दुप्पट धरली, तरी हिशोब साडेसहाशेच्या आसपासच येतो. त्यापुढचा आकडा हा मुख्यतः जाहिरातीसाठी आणि आवाजासाठी असतो.

चिमणी चांगली की वाईट, हे मोटरपेक्षा नळीवरून अधिक ठरते. नळी सहा इंच व्यासाची असावी आणि शेवटपर्यंत सहा इंचच राहावी. भिंतीत आधीचे चार इंचांचे भोक असले की जोडणारे कारागीर सर्रास तिथे नळी निमुळती करतात. चार इंचांच्या तोंडाचे क्षेत्रफळ सहा इंचांच्या तोंडाच्या निम्म्याहूनही कमी असते, त्यामुळे मोटर ओरडते आणि धूर मात्र ओट्यावरच रेंगाळतो. कोअर कटिंग करून, म्हणजे यंत्राने गोल कापून, नवे भोक पाडावे. ते तुळईतून किंवा खांबातून जाता कामा नये आणि त्याआधी सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी. नळी शक्य तितकी आखूड, शक्यतो आठ-दहा फुटांच्या आत ठेवावी आणि तिला दोनहून अधिक काटकोनी वळणे देऊ नयेत. घडीची अॅल्युमिनियमची नळी ताणून बसवावी, कारण ती मधे लोंबली की त्या पोटात तेल साचत जाते. यासाठीच मी नेहमी सांगतो की शेगडी बाहेरच्या भिंतीला लागून ठेवावी. तुमचे फर्निचर अजून झालेले नाही, म्हणजे शेगडी हलवण्याची संधी अजून हातात आहे.

रुंदीबद्दल इंटिरिअरवाल्यांचे म्हणणे मान्य करू नका. चिमणी शेगडीइतकी रुंद तरी हवीच, आणि खुल्या स्वयंपाकघरात तर एक माप अधिक, म्हणजे तुमच्याकडे 90 सेंटिमीटर, कारण वर जाताना धूर पसरतो आणि पंख्याच्या वाऱ्याने कडेला ढकललाही जातो. शेगडीपासून तिची उंची साधारण 65 ते 75 सेंटिमीटर असावी. नेमके माप त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेले असते, तेच पाळावे. चिमणी जोडून झाली की कारागीर घरात असतानाच ती मधल्या वेगावर चालवून पुढच्या बर्नरच्या कडेला पेटती उदबत्ती धरावी. धुराची रेघ आत वळली तर काम बरोबर झाले आहे. सरळ वर जाऊन काठाबाहेर निसटली तर उंची, नळी किंवा खिडकी यांपैकी काहीतरी चुकले आहे. पुढच्या बर्नरचा काही धूर निसटतोच, म्हणून तळण मागच्या बर्नरवर करावे.

प्रश्न : आमचे घर कुडाळजवळ आहे आणि घरात जवळजवळ रोज मासे तळले जातात. पूर्वीच्या चिमणीची बारीक जाळी सतत चिकट व्हायची आणि तिच्या पत्र्याला गंजही चढला. आता ऑटोक्लीन घेतली तर स्वच्छतेची कटकट संपेल का? (एक वाचक, सिंधुदुर्ग)

उत्तर : कमी होईल, संपणार नाही. ऑटोक्लीनमध्ये बटण दाबले की पंख्याभोवतीचा भाग तापवून तिथले तेल पातळ केले जाते आणि ते खालच्या वाटीत उतरते. ती वाटी तुम्हालाच रिकामी करायची असते. चिमणीची काच, बाहेरचे अंग आणि नळीचा आतला भाग यांना त्या बटणाचा काहीच उपयोग होत नाही. बांगडा तव्यावर पडतो त्या घरात मला तरी स्टीलचा बॅफल फिल्टर अधिक भरवशाचा वाटतो. त्याच्या वळणदार पट्ट्यांवर आपटून तेल खाली ओघळते, बारीक जाळीसारखी भोके बुजत नाहीत, आणि कढत पाण्यात भांड्यांच्या साबणासह अर्धा तास बुडवून ठेवला की तो ब्रशने स्वच्छ निघतो. अॅल्युमिनियमची जाळी मात्र धुण्याच्या सोड्यात घालू नये. ती काळी पडते आणि झिजते.

खाऱ्या हवेसाठी चिमणीचे अंग 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावे. रंग दिलेला साधा पत्रा नवा असताना देखणा दिसतो, पण रंगाला जरा टवका गेला की तिथून गंज धरतो. मासे तव्यात घालण्याच्या पाच मिनिटे आधी चिमणी सुरू करावी आणि गॅस बंद केल्यावरही दहा मिनिटे चालू ठेवावी. घर कौलारू असेल, तर नळी माळ्यात किंवा खोट्या छताच्या पोकळीत कधीही सोडू नये. तिथे साचलेले तेल आणि वाळलेले लाकूड यांचा शेजार धोक्याचा आहे. नळी भिंतीतून थेट बाहेर काढून तिच्या तोंडाला झडपेचे झाकण बसवावे, म्हणजे पावसाची झड आणि पाखरे आत येणार नाहीत.

प्रश्न : नाशिकच्या आमच्या बंगल्यात काळ्या कडाप्प्याचा ओटा आणि सागवानी कपाटे आहेत. त्यांच्यामध्ये चकचकीत स्टीलची चिमणी उपरी वाटते. ती लपवता येईल का? कोणता आकार आणि रंग शोभेल? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : लपवता येते, आणि तुमच्या स्वयंपाकघरात ती लपवावी असेच मी सुचवेन. कपाटात बसणारी चिमणी घेतली तर खालची पट्टी आणि दिवे एवढेच दिसतात. वरचा सगळा भाग शेजारच्या कपाटांसारख्याच सागवानी दारामागे जातो. फक्त त्या कपाटाची खालची कड सरळ ज्योतीच्या वाफेत येऊ देऊ नये, आतून पाण्याला टिकणारे प्लायवुड वापरावे आणि नळीपर्यंत हात पोहोचेल असे उघडते दार ठेवावे. हे दार स्क्रूने कायमचे बंद करणारे सुतार मी पाहिले आहेत. पुढे मोटर काढायची वेळ आली की अख्खे कपाट उचकटावे लागते.

दुसरा मार्ग म्हणजे चिमणी न लपवता तिलाच भिंतीचा भाग करणे. चिमणीच्या वरून छतापर्यंत एक चौकोनी खोका बांधून त्याला भिंतीचाच चुन्यासारखा फिका रंग द्यावा, खोक्याच्या दोन्ही बाजूंना कपाटे न लावता हात-दीड हात जागा मोकळी सोडावी आणि फार तर एखादी सागवानी फळी ठेवावी. काळा ओटा, पांढरी भिंत आणि लाकूड एवढे तीनच रंग डोळ्यांना पुरतात. हल्ली सर्वत्र दिसणारी तिरक्या काळ्या काचेची चिमणी कपाळाला लागत नाही, हा तिचा खरा गुण आहे. ओटा 34 इंच उंच असेल आणि चिमणी त्यावर 70 सेंटिमीटरवर असेल, तर सपाट चिमणीची कड जमिनीपासून सुमारे पाच फूट दोन इंचांवर, म्हणजे अनेकांच्या नेमकी कपाळाशी येते. मात्र तिरक्या चिमणीच्या पोटात धूर क्षणभर थांबायला जागाच नसते, त्यामुळे एकदम उठलेला लोट तिच्या काठावरून निसटतो. मॅट काळ्या रंगावर तेलाचे शिंतोडे आणि बोटांचे ठसे स्टीलपेक्षा अधिक उठून दिसतात, ही गोष्ट दुकानातल्या दिव्यांखाली कळत नाही. स्टील पुसताना नेहमी त्याच्या रेघांच्या दिशेनेच पुसावे.

आता डाडोविषयी, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीवरच्या टाइलविषयी, कारण तिथे हमखास घोळ होतो. आपल्याकडे ओट्यावर दोन फूट, म्हणजे सुमारे 60 सेंटिमीटर टाइल लावण्याची पद्धत आहे, आणि चिमणी तर 70 सेंटिमीटरवर बसते. मधे राहिलेली चार बोटांची रंगवलेली पट्टी सहा महिन्यांत पिवळी पडते आणि कशानेही निघत नाही. शेगडीमागची टाइल चिमणीच्या खालच्या कडेच्याही थोडी वर न्यावी, तिच्या फटींत इपॉक्सी ग्राउट भरावे आणि हे सगळे काम चिमणी टांगण्याआधी पुरे करावे. विजेचा पॉइंटही त्याच वेळी, खोक्याच्या आत येईल असा काढून घ्यावा.

प्रश्न : आमच्या जुन्या घरात स्वयंपाकघराला लागूनच न्हाणीघर आहे आणि तिथे गॅस गीझर आहे. चिमणी बसवल्यावर खिडकीतला एक्झॉस्ट पंखाही चालू ठेवावा का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : पंख्यापेक्षा गीझरचा प्रश्न गंभीर आहे. चिमणी जेवढी हवा बाहेर टाकते, तेवढी ती कुठून तरी ओढून घेते. घर बंद असेल तर ती न्हाणीघराकडून ओढते आणि गीझरमधून निघालेला, एरवी बाहेर गेला असता असा धूर आत परतू शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो जीव घेतो. म्हणून गॅस गीझर न्हाणीघराच्या आत नसावाच. तो मोकळ्या गॅलरीत हलवावा किंवा विजेचा घ्यावा. तोपर्यंत आंघोळ चालू असताना चिमणी लावू नये. पाइप गॅससाठी ठेवलेला झरोकाही कुठल्याच कारणाने बुजवू नये.

एक्झॉस्ट पंखा चिमणीच्या जवळ असेल तर दोन्ही एकदम चालवू नयेत, कारण तो धुराला चिमणीकडून स्वतःकडे वळवतो. जेवणे आटोपल्यावर उरलेला वास घालवायला तो उपयोगी पडतो.

प्रश्न : पुण्यात भाड्याच्या घरात राहतो. घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत. चिमणी घ्यावी का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : खिडकी ओट्याजवळ असेल, तर तिच्या एका तावदानाच्या जागी अॅल्युमिनियमचा पत्रा बसवून त्यातून नळी बाहेर काढता येते, घर सोडताना पत्रा काढून काच परत लावावी. नळीचे तोंड मात्र शेजाऱ्यांच्या खिडकीकडे नसावे. खिडकी ओट्यापासून दूर असेल, तर खोलीभर नळी फिरवण्यापेक्षा चिमणीचा नाद सोडून खिडकीत नऊ किंवा दहा इंचांचा चांगला एक्झॉस्ट पंखा बसवावा. तो सुरू असताना समोरचे दार थोडे उघडे ठेवावे आणि छताचा पंखा बंद ठेवावा. चिमणीसारखा तो धूर जागेवरच पकडत नाही. पण बिननळीच्या चिमणीपेक्षा तो कितीतरी स्वस्त आहे आणि घरातली हवा खरोखर बाहेर टाकतो.