पणजोबांची कीर्द आणि मिसिसिपीकाठचे शूतो घराणे

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत सेंट लुईस येथे नोकरीला आहे. ते शहर वसवणाऱ्या शूतो घराण्याची जुनी कागदपत्रे तिने तेथील इतिहास संस्थेच्या ग्रंथालयात पाहिली. त्यांत पत्रांच्या बरोबरीने पावत्या, हिशेब आणि खरेदीखतेही पुष्कळ होती, असे तिने कळवले. आमचे पणजोबा तेलंगणातून सोलापुरात आले आणि साखर पेठेत त्यांनी हातमागाचा लहान कारखाना काढला. आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत मुनिमाने मोडीत लिहिलेल्या कीर्द-खतावण्या, सुताची बिले आणि थोडी तेलुगू पत्रे आहेत. दिवाळीच्या साफसफाईत पत्रे तेवढी ठेवून बाकीचे रद्दीत द्यावे, असे घरच्यांचे मत आहे. व्यापाऱ्याचे हिशेब तिकडे एवढे का जपतात, आणि आम्ही काय ठेवावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण सर्वच ठेवावे, आणि निवड करावीच लागली तर पत्रांच्या आधी कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, वाचवावी, अशी माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे. असे का म्हणतो, ते शूतो घराण्याच्याच उदाहरणावरून सांगतो.

न्यू ऑर्लिन्सच्या व्यापारी पेढीतील भागीदार पियेर लाक्लेद याने १७६३ च्या डिसेंबरात मिसिसिपीच्या पश्चिम काठावरची, मिसूरी नदीच्या संगमापासून जवळची जागा हेरली आणि १७६४ च्या फेब्रुवारीत सुमारे ३० माणसे देऊन ऑगस्त शूतो या जेमतेम १४ वर्षांच्या मुलाला तेथे काम सुरू करण्यासाठी पाठवले. ही हकीकत मुख्यतः ऑगस्तने पुढे स्वतः लिहिलेल्या कथनातून कळते. त्या कथनाचा काही भागच आज उरला असून तो त्याच शहरातील, १८४६ साली स्थापन झालेल्या मर्कंटाइल ग्रंथालयात आहे. म्हणजे शहराच्या जन्माची गोष्ट मोजक्या पानांत मावते. पण ते गाव जगले कसे, हे सांगण्यासाठी इतिहासकारांना त्या घराण्याच्या चोपड्यांकडेच वळावे लागते.

त्या गावात नाणे दुर्मिळ होते. हरणाची कातडी हेच चलन असे आणि कित्येक व्यवहारांची किंमत कातड्यांतच लिहिली जाई. ओसेज या तेथील मूळ रहिवासी (इंडियन) जमातीशी होणाऱ्या व्यापारावर सारे गाव पोसले जात होते. १७९४ साली ऑगस्तने त्या वेळी तेथे अंमल असलेल्या स्पेनच्या गव्हर्नरशी करार करून, ओसेज मुलखात किल्ला बांधून देण्याच्या बदल्यात, या व्यापाराचा ६ वर्षांचा मक्ता मिळवला. कोणाला किती उधार दिले, त्यापोटी किती कातडी आली, कोणते खाते वर्षानुवर्षे थकले, हे कोणी पत्रात सविस्तर लिहीत बसत नाही. ते खात्यावरच चढते. सोलापूरच्या कारखानदारालाही सुताचा भाव वाढल्याचे दुःख भावाला कळवण्याआधी खतावणीत मांडावे लागत असे.

आपल्याला मोडीची अडचण वाटत असेल, तर तिकडची अडचणही ध्यानात घ्यावी. १७६२ च्या गुप्त तहाने तो प्रदेश फ्रान्सकडून स्पेनकडे गेला होता, पण गावाची भाषा फ्रेंचच राहिली. १८०४ च्या मार्चमध्ये तेथे अमेरिकेचा झेंडा चढला, तरी जुने व्यापारी फ्रेंचमध्येच लिहीत राहिले. त्यामुळे आज त्या शहरात वाढलेल्या मुलालाही आपल्या गावाचे जुने कागद फ्रेंच शिकल्यावाचून वाचता येत नाहीत. तरीही ते कागद कोणी टाकून दिले नाहीत. ज्या इतिहास संस्थेत आपल्या कन्येने ते पाहिले, ती १८६६ साली स्थापन झाली, आणि वाचणारा कधीतरी येईल या भरवशावर असे कागद सांभाळत आली.

याहून महत्त्वाचे कारण मला वेगळे वाटते. घराण्याच्या कागदांत घराण्याबाहेरची माणसेही असतात. शूतो कुटुंबाने माणसांना गुलाम म्हणून राबवले, आणि त्या काळच्या मालमत्तेच्या याद्यांत अशा माणसांची नावे गुराढोरांच्या व भांड्याकुंड्यांच्या शेजारी लिहिलेली आढळतात. मार्गरीत नावाच्या स्त्रीने आपली आजी मूळची नॅचेझ या इंडियन जमातीची असल्याचे सांगून ऑगस्तचा भाऊ पियेर शूतो याच्याविरुद्ध स्वातंत्र्याचा दावा लावला. स्पॅनिश अमलात १७६९ पासून इंडियनांना गुलाम करण्यास मनाई होती, हा त्या दाव्याचा आधार होता. अनेक वर्षांच्या झगड्यानंतर १८३६ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. कोणाची आई कोण, कोणाकडून कोणाकडे गेली, हे अशा लढ्यांत कळीचे ठरे. पेढीच्या मालकाने जो कागद निव्वळ हिशेब म्हणून ठेवला, तो पुढे ज्यांना बोलू दिले जात नव्हते त्यांच्या वतीने बोलू शकतो.

आता आपल्या ट्रंकेकडे पाहा. मागावर बसणारे, कांड्या भरणाऱ्या बायका, रंगाऱ्याकडे सूत पोचवणारा पोऱ्या, यांतल्या कोणी पत्रे लिहून ठेवली असण्याचा संभव फार थोडा. त्यांचे नाव, मजुरी आणि आगाऊ उचल आपल्या कीर्देत असेल. गतवर्षी एका परिचितांकडे मी असेच एक पान पाहिले. एका बाईच्या नावापुढे तीन आठवडे मजुरीची जागा कोरी होती आणि चौथ्या आठवड्यात उचल लिहिली होती. ती आजारी होती की बाळंत झाली होती, हे आता कोणी सांगू शकणार नाही. पण ती होती, एवढे त्या पानामुळे कळते. त्याच पानावर टाचणीच्या गंजाने सुताच्या नंबराचा आकडा खाऊन टाकला होता, याची मला अजून हळहळ वाटते.

म्हणून पहिले काम म्हणजे ट्रंक माळ्यावरून खाली आणावी. सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखालचा माळा भट्टीसारखा तापतो आणि त्या उष्णतेने कागद ठिसूळ होतो. कागद ज्या क्रमाने निघतील, त्याच क्रमाने त्यांची छायाचित्रे काढावीत आणि गठ्ठे फोडून विषयवार लावू नयेत, कारण कोणते बिल कोणत्या चोपडीत खोचलेले होते हाही पुरावाच असतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद कापडी रुमालांत बांधून ठेवण्याची रीत आहे. आपणही धुतलेले, खळ नसलेले सुती कापड वापरावे. टाचण्या हळूच काढाव्यात. चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये, कारण ते पुन्हा निघत नाही. क्रमांक घालायचे असतील तर मऊ पेन्सिलीने कोपऱ्यात घालावेत. कसर किंवा वाळवीची शंका आली, तर तो गठ्ठा बाकीच्यांपासून तत्काळ वेगळा करावा.

प्रश्न : असे कागद संस्थेला दिले तर घराण्याचा हक्क जातो का?
— दुसरे एक वाचक, सोलापूर

उत्तर : ते सर्वस्वी लेखी करारावर अवलंबून असते, म्हणून तोंडी बोलण्यावर कागद सोपवू नयेत. कागद दान दिले की ठेवीदाखल ठेवले, घरच्यांना प्रती मिळतील का, खासगी पत्रे किती वर्षे बंद ठेवायची, हे करारात स्पष्ट लिहून घ्यावे. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून असे कागद जमवण्याचे काम करीत आले आहे. तेथे किंवा जवळच्या विद्यापीठाच्या इतिहास विभागात आधी चौकशी करावी. मात्र कागद देण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ बसून कोणते अक्षर कोणाचे, मुनीम कोण होते, खात्यातली टोपणनावे कोणाची, हे विचारून त्याच दिवशी लिहून काढावे. ती माहिती कोणत्याच चोपडीत सापडणार नाही.