मँगनीजच्या गोळ्यांनी शेक सोसेल का?

प्रश्न : वडिलांना तोंडाचा कॅन्सर आहे. पुढच्या आठवड्यात शेक (किरणोपचार) सुरू होणार. मँगनीज पेशींना किरणांपासून वाचवतं, असं मोबाइलवर वाचलं. आमच्या भागात तर मँगनीजच्या खाणीच आहेत. मेडिकलमधून गोळ्या आणून देऊ का?
— एक वाचक, तुमसर (जि. भंडारा)

उत्तर : नका देऊ. तुम्ही वाचलंत ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. ती गोष्ट मुळात एका जिवाणूची आहे.

१९५६ साली अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये डबाबंद मांस किरणांनी निर्जंतुक करून पाहत होते. जबर मारा करूनही एक डबा नासला. त्यात सापडला डायनोकॉकस रेडिओड्युरन्स हा जिवाणू. प्रयोगशाळेत असताना मी तो वाढवलाय. बशीत गुलाबी-केशरी ठिपके उमटतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली चार-चार पेशी एकमेकींना बिलगलेल्या दिसतात. माणसाच्या सबंध अंगावर एकदम ५ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या मात्रेचं माप) किरण पडले तर जीव जाऊ शकतो; हा ५,००० ग्रे पचवतो! त्याच्या डीएनएचे शेकडो तुकडे होतात, पण ते जोडणारी प्रथिनं शाबूत राहतात आणि काही तासांत सगळं पुन्हा सांधलं जातं.

प्रथिनं कशी वाचतात? मायकेल डेली या शास्त्रज्ञाच्या गटानं २००४ मध्ये दाखवलं की या जिवाणूत मँगनीज भरपूर आणि लोह कमी असतं. किरणांमुळे पेशीत सुपरऑक्साइडसारखे घातक रेणू तयार होतात. फॉस्फेट आणि छोट्या पेप्टाइडांशी (प्रथिनांच्या लहान तुकड्यांशी) बांधलं गेलेलं मँगनीज त्यांना निकामी करतं. सगळी करामत त्या बांधणीची आहे. गोळी गिळून ती वडिलांच्या तोंडातल्या पेशींत तयार होत नाही. उलट मँगनीज शरीरात फार साचलं तर मेंदूला इजा होते. खाणीतली धूळ वर्षानुवर्षं छातीत गेलेल्या कामगारांत थरथर, अंग ताठरणं दिसून आलेलं आहे.

औषध म्हणून मँगनीजचं एक संयुग खरंच तपासलं गेलं : अ‍ॅव्हासोपॅसेम. दर शेकाआधी ते शिरेतून द्यायचं. मोठ्या चाचणीत तोंड गंभीररीत्या सोलवटण्याचं प्रमाण ६४ टक्क्यांवरून ५४ वर आलं. मला हा फरक मोलाचा वाटतो. पण अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०२३ मध्ये आणखी पुरावा मागितला आणि परवानगी दिली नाही. त्यातही रक्षण निरोगी पेशींचंच व्हावं, गाठीचं नाही, हे काटेकोर पाहावं लागतं. घरच्या गोळीची अशी परीक्षा कोणी घेतलेली नसते. म्हणून जस्त, तांबं, कसलंही सप्लिमेंट डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

हातातलं काम वेगळं आहे. शेक सुरू व्हायच्या आधी दात तपासून घ्या. कोमट पाण्यात थोडं मीठ आणि खायचा सोडा घालून दिवसातून बऱ्याचदा गुळण्या, मऊ ब्रश, बिनतिखटाचं पातळ जेवण. तंबाखू पूर्ण बंद. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड येईल, घास उतरणार नाही. तेव्हा घरी सोसत बसू नका, त्याच दिवशी शेक देणाऱ्या विभागात सांगा. वेदनेचं औषध मिळतं, गरज पडली तर नळीनं अन्न देता येतं. शेकात मात्र खंड पडू देऊ नका. मधे दिवस गेले की गाठीला वाढायला फावतं.