डबा उघडण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले. निपाणीजवळच्या एका आईने ऑनलाइन मागवलेला अन्नपूरक (सप्लिमेंट) पावडरीचा डबा तुझ्यासमोर ठेवला आणि ‘टीचर, ह्यानं त्याचं बिथरणं कमी हुईल काय? द्यायचं का नको?’ असे विचारले. मॅग्नेशियम, ब-६ जीवनसत्त्व, थिॲनिन (चहाच्या पानांतला एक घटक) आणि अश्वगंधा असे घटक त्या डब्यावर छापलेले आहेत, मूल सात वर्षांचे आहे, स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान झालेले आहे, आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास ते इतके बिथरते की स्वतःच्या हाताला चावे घेते, असे तू लिहिले आहेस. या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर मिळावे ही तुझी अपेक्षा मला समजते. पण तसे उत्तर देण्याच्या मोहात तू पडू नयेस म्हणूनच हे पत्र जरा लांबणार आहे.

मर्यादा प्रथम सांगून टाकतो. आपण भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीतले विशेष शिक्षक आहोत. मात्रा ठरवणे, औषध सुरू करणे किंवा थांबवणे हे आपले काम नाही. मात्र ‘डॉक्टरांना विचारा’ एवढे म्हणून हात झटकणे हेही आपले काम नाही. आपल्या भागात मुलांच्या विकासाचे जाणकार डॉक्टर गाठायचे म्हणजे बेळगाव, कोल्हापूर, मिरज किंवा हुबळी. त्यासाठी बापाची एक दिवसाची मजुरी बुडते, आईला घरचे सगळे आवरून पहाटेची एसटी धरावी लागते, आणि तिथे पोहोचल्यावर आठ-दहा मिनिटांत काय सांगायचे हे बहुतेकांना सुचत नाही. ती दहा मिनिटे कामी यावीत अशी तयारी करून देणे, हे मात्र पूर्णपणे तुझ्या हातात आहे.

आता मूळ मुद्दा. मुलाचे बिथरणे रोज सारखे नसते. त्याला भरती-ओहोटी असते. दोन-तीन आठवडे अतिशय वाईट जातात, मग कारण कळो न कळो, थोडे निवळते. घरातले लोक पैसे खर्च करून डबा मागवतात ते केव्हा? जेव्हा सगळे हाताबाहेर गेलेले असते तेव्हाच. बऱ्या आठवड्यात कोणी डबा मागवत नाही. म्हणजे डबा घरी पोहोचतो त्या वेळी भरती संपत आलेली असते, आणि पुढच्या आठवड्यात जे आपोआप निवळणार होते त्याचे श्रेय त्या चमच्याला मिळते. शिवाय चमच्याबरोबर आणखी काही बदलते: दूध ठरलेल्या वेळी दिले जाते, आई थोडी आशेने आणि म्हणून थोड्या मऊ आवाजात बोलते, आजी ‘औषध चालू आहे’ म्हणून टीव्हीचा आवाज कमी करते. या बदलांचाही परिणाम होतो, आणि तो खरा असतो. फक्त तो पावडरीचा नसतो. आईला फसवले गेले किंवा ती भोळी आहे असे यातून मुळीच सिद्ध होत नाही. तिने पाहिलेला फरक तिने खरोखर पाहिलेला असतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अन्नपूरकाचे नाही, तर एका संप्रेरकाचे आहे. १९९८ साली अमेरिकेत तीन मुलांना पचनाच्या तपासणीसाठी सिक्रेटिन नावाचे संप्रेरक टोचल्यावर त्यांच्या स्वमग्नतेच्या लक्षणांत सुधारणा दिसल्याची नोंद प्रसिद्ध झाली, आणि हजारो पालक त्यामागे धावले. पुढच्याच वर्षी पद्धतशीर चाचणी झाली. त्यात काही मुलांना सिक्रेटिन दिले, काहींना नुसते मिठाचे पाणी, आणि कोणाला काय दिले हे पालकांनाही ठाऊक नव्हते. दोन्ही गटांतली मुले सुधारलेली दिसली, आणि दोन्हींत फरक निघाला नाही. मला या चाचणीतला पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो: निकाल समजावून सांगितल्यानंतरही ६९ टक्के पालकांनी या उपचारात आपल्याला अजून रस असल्याचे सांगितले. केवळ पुरावा दाखवून पालकांचे मन वळते असे ज्यांना वाटते, त्यांनी ही संख्या भिंतीवर लावून ठेवावी.

डब्यातल्या आणि अशाच इतर पूरकांतल्या घटकांविषयी जे निश्चित सांगता येते ते असे. मॅग्नेशियम आणि ब-६ यांची जोडी स्वमग्न मुलांना देण्याची कल्पना जुनी आहे, दशकानुदशके चालत आलेली आहे. पण वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन समूहाने २००५ मध्ये घेतलेल्या आढाव्यात हाताला लागलेल्या चाचण्या इतक्या थोड्या आणि लहान होत्या की त्यांवरून शिफारस करता येत नाही असाच निष्कर्ष निघाला. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ विषयीच्या २०११ च्या आढाव्यात तर निकषांत बसणाऱ्या दोनच चाचण्या होत्या आणि दोन्ही मिळून ३७ मुले. एन-ॲसिटिलसिस्टीन या पदार्थाची गोष्ट जरा वेगळी आहे. २०१२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात ३३ मुलांवर १२ आठवड्यांची चाचणी झाली आणि चिडचिड कमी झाल्याचे दिसले. पुढे ऑस्ट्रेलियात १०२ मुलांवर सहा महिन्यांची चाचणी झाली तेव्हा तसा फायदा दिसला नाही, अर्थात तिथे मात्रा कमी होती. या विषयात दार पूर्ण बंद आहे असे म्हणू नकोस, आणि उघडे आहे असेही म्हणू नकोस. तुलनेसाठी एवढे लक्षात ठेव की स्वमग्नतेतल्या तीव्र चिडचिडीसाठी अमेरिकेच्या औषध नियामकाने २००६ मध्ये रिस्पेरिडोन आणि २००९ मध्ये ॲरिपिप्राझोल मान्य केले ते मोठ्या चाचण्यांनंतरच, आणि त्यांचे वजनवाढीसारखे दुष्परिणामही तितकेच नोंदलेले आहेत. पालक पावडरीकडे वळतात त्याचे एक कारण या गोळ्यांची भीती हेच असते, आणि ती भीती अगदीच निराधार नाही.

मात्र एक प्रश्न डब्यापेक्षा फार मोलाचा आहे, आणि तो आपल्याकडे फारच कमी विचारला जातो: या मुलाच्या शरीरात खरोखर काही कमी आहे का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या भारतीय मुलांपैकी ६७ टक्क्यांहून अधिक रक्तक्षयग्रस्त आढळली, आणि कर्नाटकाचा आकडा त्याच्या फार मागे नाही. त्यात स्वमग्न मुलाचे खाणे निवडक: एखादे मूल फक्त दहीभात खाईल, एखादे फक्त एका कंपनीचे बिस्किट, आणि भाजीचा हिरवा ठिपका दिसला तरी ताट ढकलून देईल. आपल्या भागात लहान मुलांनाही सकाळ-संध्याकाळ चहा-बिस्किट देण्याची रीत आहे. चहातील टॅनिनमुळे जेवणातले लोह शरीरात नीट शोषले जात नाही. ‘निदान दूध तरी पितो’ म्हणून दिवसभर दुधावर ठेवलेल्या मुलाला भूक लागत नाही, लोह मिळत नाही आणि वर बद्धकोष्ठ होते. लोह कमी असलेले मूल चिडचिडे असते, रात्री पाय झाडते, नीट झोपत नाही. आणि न झोपलेले मूल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कशानेही बिथरते. माती, चुना, भिंतीचे पोपडे खाण्याची सवय असेल तर लोहाबरोबर शिशाची तपासणीही डॉक्टरांना सुचवावी लागते. अशा मुलाला लोहाची कमतरता सिद्ध झाल्यावर वैद्यकीय सल्ल्याने दिलेले लोह हेही पूरकच आहे, आणि त्याच्या पाठीशी भक्कम शास्त्र आहे. एक पूरक आणि दुसरे पूरक यांतला हा फरक त्या आईला समजला, तर तुझे अर्धे काम झाले.

शरीराच्या दुखण्यांकडेही याच दृष्टीने पाहा. ज्याला ‘पोटात दुखतंय’ म्हणता येत नाही, त्याच्या पोटात, दातांत किंवा कानात दुखत असेल तर ते बाहेर पडते ते हाताला चावण्यातून. शौचाला किती दिवसांनी होते हा प्रश्न विचारायला तरुण शिक्षकांना संकोच वाटतो. तो संकोच सोडून दे.

आणि घर पाहिल्याशिवाय मत बनवू नकोस. बेळगावातल्या वडगाव-खासबागच्या विणकर वस्तीतल्या अनेक घरांत यंत्रमाग आणि राहण्याची खोली यांच्यात एकच भिंत असते. माग चालू असताना होणारा खडखडाट घरातल्यांच्या कानांना सवयीचा झालेला असतो, इतका की ‘घरात आवाज असतो का?’ असे विचारले तर ते मनापासून ‘नाही’ म्हणतात. वीज जाते तेव्हा सगळे एकदम शांत होते, आणि वीज आली की तोच आवाज एकदम अंगावर येतो. तुझ्या निपाणीच्या मुलाच्या घरी माग नसेलही. पण दिवेलागणीच्या त्या वेळेला काय काय होते हे पाहा. ट्यूबलाइट लागते, कुकरच्या शिट्ट्या होतात, वडील कामावरून येतात, भावंडे शिकवणीहून परततात, शेजारच्या देवळात घंटा वाजते. गणपतीत किंवा शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीच्या दिवसांत तर आपल्या गावांत मोठ्या माणसांच्याही छातीत धडधडते. यांतले एखादे कारण सापडले, तर ते दूर करायला डबा लागत नाही. वेळ बदलावी लागते, कान झाकण्याची सोय करावी लागते, पुढे काय होणार हे चित्राने आधी दाखवावे लागते. आणि घरात मराठी, शाळेत कन्नड, उपचाराच्या खोलीत इंग्रजीमिश्रित हिंदी असे मुलाभोवती चालू असेल तर निदान सूचनेचे शब्द आणि चित्रे तिन्हीकडे एकच ठेव. मुलाला मराठी बोलूच नका असा सल्ला अजूनही काही जण देतात. त्याला कसलाही आधार नाही, आणि त्याने आईचीच भाषा मुलापासून तुटते.

एवढे सगळे ऐकूनही आई म्हणेल, ‘पैसे भरलेत टीचर, बघूया की देऊन.’ तिला रागावू नकोस. डॉक्टरांनी घटक पाहून हरकत नाही म्हटले, तर ते देणे निदान असे व्हावे की शेवटी काहीतरी कळेल. डबा उघडण्याआधी किमान दोन आठवडे वही ठेवायची: किती वाजता बिथरला, किती मिनिटे, आधी काय चालले होते, आदल्या रात्री किती झोपला, शौच झाले का, काय खाल्ले. मग एकच बदल करायचा. त्याच आठवड्यात गव्हाचे खाणे बंद, नवी शाळा आणि पुष्य नक्षत्राचे सुवर्णप्राशन असे सगळे एकदम नको. थांबण्याची तारीख सुरुवातीलाच वहीत लिहायची, सहा किंवा आठ आठवड्यांची, आणि त्या तारखेला डॉक्टरांना सांगून बंद करून पुन्हा दोन आठवडे वही ठेवायची. शक्य असेल तर शाळेतल्या बाईंना पावडरीविषयी न सांगता त्यांचीही वेगळी नोंद ठेवावी; पावडर चालू आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या नोंदीचे मोल अधिक.

लेबल वाचायला तू शिकलेच पाहिजेस. अन्नपूरकावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ छापणे भारतात बंधनकारक आहे. ती ओळ आईला मराठीत वाचून दाखव. चौदा अंकी परवाना क्रमांक असणे आवश्यक आहे, पण त्याचा अर्थ तो पदार्थ बिथरणे कमी करतो हे सरकारने तपासले असा होत नाही. आकडे संयुगाचे आहेत की मूलद्रव्याचे ते पाहा: ५०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम ग्लायसिनेटमध्ये प्रत्यक्ष मॅग्नेशियम ७० मिलिग्रॅमच्या आसपास असते. अमेरिकेतील मार्गदर्शक मर्यादेनुसार चार ते आठ वर्षांच्या मुलाला पूरकातून मिळणारे मॅग्नेशियम दिवसाला ११० मिलिग्रॅमपेक्षा आणि ब-६ एकूण ४० मिलिग्रॅमपेक्षा जास्त जाऊ नये. मॅग्नेशियम जास्त झाले तर जुलाब होतात, आणि ब-६ दीर्घकाळ जास्त मात्रेत गेले तर हातापायांच्या संवेदना वाहणाऱ्या नसांना इजा होते. जे मूल मुंग्या येतात हे सांगू शकत नाही, त्याच्या बाबतीत हा धोका दुप्पट गंभीर समज. अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, त्यामुळे सात वर्षांच्या मुलाच्या डब्यात ती मला तरी नको आहे. ‘नैसर्गिक आहे, मग काय होतंय’ हे वाक्य तुला रोज ऐकू येईल.

बहुतेक घरांत पावडर एकटी नसते, हेही विसरू नकोस. आधीच एक मल्टिव्हिटॅमिनचे सिरप चालू असते, कोणीतरी ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी दिलेली असते आणि आठवड्याला एक घ्यायची ती रोज घेतली जाते. त्याने रक्तातले कॅल्शियम वाढून मूल खरोखर आजारी पडू शकते. म्हणून घरातले सगळे डबे, बाटल्या, पुड्या, काढे एका पिशवीत घालून आणायला सांग. आणि फिटची गोळी चालू असेल तर ती पावडरीच्या भरवशावर एक दिवसही बंद होता कामा नये, हे आईबरोबर वडिलांना आणि आजीलाही समोर बसवून सांग, कारण आपल्याकडे गोळी बंद करण्याचा निर्णय बऱ्याचदा आई घेतच नाही.

तर पुढच्या भेटीला त्या आईला पिशवी आणि वही घेऊन बोलाव. खर्चाची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर अशा मुलांची तपासणी होते, हे तिला सांग. आणि दिव्यांगत्वाचा दाखला असेल तर निरामय या सरकारी आरोग्य विम्याचा अर्ज भरून दे. डॉक्टरांसाठी एक पानाची चिठ्ठी इंग्रजीत लिही: वहीतला सारांश, झोप, शौच, खाणे, चालू असलेली सर्व औषधे व पूरके, आणि रक्तातले लोह तपासावे का हा एक सरळ प्रश्न. तिचीच मराठी प्रत आईच्या हातात दे, म्हणजे आत काय लिहिले आहे हे तिला ठाऊक असेल. सरकारी दवाखान्यात जाणार असतील तर वर दोन ओळी कन्नडमध्ये घाल, खिडकीवर उपयोग होतो. मसुदा तयार झाला की मला पाठव, पाहून देतो.

तुझे सर
बेळगाव