मुलीच्या घोट्यातल्या हाडाला ड्रिलिंग करायलाच हवं का?

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, माझे बरेचसे रुग्ण वाढत्या वयातली मुलं असतात. तुम्ही लिहिलंय की बारा वर्षांच्या मुलीचा घोटा मुरगळला होता, एमआरआयमध्ये टॅलस या घोट्यातल्या हाडावर लीजन (बिघडलेला भाग) निघालं, वरची कूर्चा (सांध्यातलं गुळगुळीत आवरण) अखंड आहे, पण पाच महिने आधाराचा बूट आणि विश्रांती देऊनही दुखणं हटत नाही. आता डॉक्टरांनी ड्रिलिंग सुचवलंय. एवढ्यावरून तरी मला त्यांचा सल्ला रास्त वाटतो.

टॅलस म्हणजे नडगीखालचं हाड. त्याचा निम्म्याहून जास्त पृष्ठभाग कूर्चेनं झाकलेला, त्यामुळे रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागाच थोडी. म्हणून इथली इजा रेंगाळते. ग्रोथ प्लेट (मुलांच्या हाडाची वाढ जिथून होते तो पट्टा) उघडी असेपर्यंत ती आपोआप भरून येऊ शकते, म्हणून आधी तीन ते सहा महिने थांबतात. तेवढं तुम्ही थांबलात.

ड्रिलिंगमध्ये सी-आर्मवर (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र) बघत बारीक तारेनं आजारी हाडापर्यंत छिद्रं पाडतात, जमेल तिथे कूर्चेला धक्का न लावता तिच्या मागच्या, म्हणजे हाडाच्या बाजूनं. त्या वाटेनं रक्त आणि मज्जापेशी पोचतात.

खरा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो ऑपरेशनच्या आधी विचारा: सांध्यात दुर्बीण घालून पाहिल्यावर आजारी हाडाचा कूर्चेसकट तुकडा सैल निघाला तर काय करणार? एमआरआयवर घट्ट दिसलेला तुकडा कधी कधी आत हलताना सापडतो. तो चांगला असेल तर विरघळणाऱ्या पिनांनी जागेवर बसवता येतो. त्या पिना त्या दिवशी थिएटरमध्ये हव्यात. तुकडा काढून मायक्रोफ्रॅक्चर केलं, म्हणजे उघड्या हाडाला बारीक भोकं पाडली, तर तिथे तंतुमय कूर्चा येते, मूळच्या कूर्चेइतकी टिकाऊ नाही. मुलीपुढे अख्खं आयुष्य आहे, म्हणून तिचा स्वतःचा तुकडा वाचवण्याचा मी शेवटपर्यंत आग्रह धरतो. मोठ्यांमध्ये आतल्या बाजूच्या लीजनपर्यंत पोचायला कधी घोट्याचं हाड कापावं लागतं. मुलांमध्ये तिथूनच ग्रोथ प्लेट जाते, तेव्हा हाड कापावं लागेल का, तेही विचारून घ्या.

नंतर साधारण सहा आठवडे पायावर भार नाही, पण घोटा हलवण्याचा व्यायाम लवकर सुरू होतो. दुखणं आधी थांबतं, हाड नंतर भरतं. याच काळात मुलं धावू लागतात आणि आईवडीलही सैल सोडतात. सर्जन एक्स-रेसारखे फोटो बघून होकार देईपर्यंत खेळ बंद, त्याला चार ते सहा महिने लागू शकतात. वर्ग वरच्या मजल्यावर असेल तर शाळेशी आत्ताच बोलून ठेवा, कुबड्या घेऊन जिने चढणं तिला झेपणार नाही.