‘मुलाला गळ्यातला तारा लपवायला सांगू का?’

हा तारा म्हणजे मगेन डेव्हिड, ज्यूंची सहा टोकांची खूण. ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासचा हल्ला झाला आणि गाझात युद्ध पेटलं, तेव्हापासून लंडनमधल्या ज्यू आईवडिलांकडून हा प्रश्न सारखा ऐकू येतो. त्या एका वर्षात कम्युनिटी सिक्युरिटी ट्रस्ट (सीएसटी) या ज्यूंच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेने ब्रिटनभरात ज्यूद्वेषाच्या चार हजारांहून जास्त घटना नोंदवल्या. तेव्हा या भीतीला मनाचे खेळ म्हणून झटकू नये.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेली एक केस सांगते. आई ठाण्यात वाढलेली, बेने इस्राएल म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातली, घरात मराठी. मुलगा तेरा वर्षांचा. शाळेच्या बसमध्ये तो चढला की मागच्या बाकांवरून गॅस सुटल्यासारखा ‘स्स्स’ असा आवाज यायचा. नाझींच्या गॅस चेंबरची ही नक्कल. मुलगा साखळीतला मगेन डेव्हिड अंगठ्याने कॉलरखाली सारायचा आणि वरचं बटण लावायचा.

“ताई, ठाण्यात ज्यू म्हणून आम्हाला कुणी कधी त्रास दिला नाही. अशा वेळी काय करायचं असतं, तेच मला ठाऊक नाही.”

“सीएसटीला फोन केलात?”

“ती गोऱ्या ज्यूंची संस्था. आम्हाला विचारतील, तुम्ही कुठले?”

कोकणात पिढ्यान्‌पिढ्या शेजाऱ्यांत मिसळून राहिलेल्या या समाजाला असल्या द्वेषाची सवयच नाही. त्यामुळे आई हे दुखणं घरातच ठेवत होती. मुलगा एकटा बोलायला बसला, तेव्हा खरी गाठ सापडली.

“आईला सांगितलं की ती रडते. मग मलाच तिची समजूत काढावी लागते.”

“मग तू सांगतोस कुणाला?”

“कुणालाच नाही.”

साखळीचा प्रश्न इथे मागे पडला. छळ बाहेरचा होता, पण मुलगा स्वतःचं आणि आईचं, दोघांचं ओझं वाहत होता. भीती मनातल्या मनात विरत नाही, ती वाटून घेणारी माणसं उभी करावी लागतात, असं मी नेहमी म्हणते. इथेही तेच लागू पडलं.

आम्ही कामं वाटली. आईने फक्त ऐकायचं. मराठी मंडळातल्या मावशीने त्याच संध्याकाळी नोंद करायची: तारीख, वेळ, बसचा क्रमांक, कोण हजर होतं, नेमका आवाज किंवा शब्द. “ज्यूद्वेषी बोलले” एवढं लिहून भागत नाही. ‘स्स्स’चा अर्थ शिक्षकांना कळेलच असं नाही, तो लिहून द्यावा लागतो. फोनवर काही आलं असेल तर ब्लॉक करण्याआधी खातं आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यायचा. बसमधलं फुटेज फार दिवस ठेवत नाहीत, म्हणून मागणी लगेच करायची. वडिलांनी शाळेला लेखी तक्रार द्यायची आणि उत्तराची तारीख मागायची. इक्वॅलिटी ॲक्ट २०१० हा ब्रिटनमधला भेदभावविरोधी कायदा ज्यूंना वंश आणि धर्म, दोन्ही बाजूंनी संरक्षण देतो, याचा तक्रारीत उल्लेख असू द्यावा.

पोलिसांना फोन करायचा तर धोका समोर असेल तेव्हा ९९९, नाहीतर १०१. सीएसटीची मदत कुठल्याही ज्यू माणसाला मिळते, पोलिसांशी बोलायलाही ते हात देतात. गुन्ह्याची झळ बसलेल्यांना आधार देणाऱ्या व्हिक्टिम सपोर्ट या संस्थेची मदत मोफत आहे आणि पोलिसांत न गेलेल्यांनाही मिळते.

साखळीचा निर्णय मुलाचा. सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) बाहेर, बसमध्ये आत, असं चालतं. “लपव” म्हणण्यापेक्षा “आज तुला कसं बरं वाटेल?” असं विचारा.

ज्यू नसलेले मित्र चुकतात ते बहुतेक गप्प राहून. योग्य शब्द सुचण्याची वाट बघत आठवडा जातो. “आज कळलं. उद्या बसस्टॉपवर येते,” एवढा मेसेज पुरतो. “दुर्लक्ष कर” नको. “इस्राएलच्या सरकारबद्दल तुला काय वाटतं?” हे तर मुळीच नको, तेरा वर्षांचं पोर त्याचा जाब देणं लागत नाही.

आणखी एक. दोन-तीन आठवडे शांत गेले की सोबत करणारे गळतात आणि मागच्या बाकांवरचे पुन्हा सुरू होतात. सोबत निदान शाळेचं सत्र संपेपर्यंत ठेवा, आणि ती थांबवायची की नाही ते मुलाला विचारूनच ठरवा.