दोघांनाही तोच प्रश्न विचार

प्रिय बाळ,

तुझा मेसेज वाचला. इयर फोरचा, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलांचा वर्ग मिळाला, आधी अभिनंदन! आणि प्रिव्हेंटचं, म्हणजे मुलं दहशतवादाकडे ओढली जाऊ नयेत म्हणून शाळांवर असलेल्या जबाबदारीचं, ट्रेनिंग झाल्यापासून झोप उडालीय म्हणतेस, पोरगं काहीतरी बोललं आणि मी सांगितलं नाही तर, किंवा उगाचच सांगितलं तर... कळतंय गं. 1 जुलै 2015 पासून ही ड्युटी इंग्लंडमधल्या शाळांना कायद्याने लागू झाली तेव्हा आमच्या स्टाफरूममध्येपण हेच चाललं होतं, की आता शिकवायचं का पाळत ठेवायची.

पाळत नाही ठेवायची. मूल कट्टर आहे की नाही हे तू ठरवायचंच नाहीयेस. तुला काळजी वाटली तर डीएसएलकडे, म्हणजे शाळेत मुलांच्या सुरक्षिततेचं बघणाऱ्या व्यक्तीकडे जायचं, बस. पुढे प्रकरण चॅनलपर्यंत, म्हणजे अशा मुलांना मदत करणाऱ्या सरकारी योजनेपर्यंत, गेलंच तरी तिथली मदत घ्यायला आईवडिलांची संमती लागते, म्हणजे तू बोललीस आणि दारात पोलीस आले असं नसतं.

शाळेत शिकवायची ती ब्रिटिश मूल्यं तू भिंतीवर लावलीसच असशील, लोकशाही, कायद्याचं राज्य, व्यक्तिस्वातंत्र्य, आणि वेगळ्या धर्माच्या माणसांबद्दल आदर नि सहिष्णुता. नावात ब्रिटिश आहे म्हणून आपल्यातल्या काही पालकांना टोचतं, त्यांना सांग की आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत स्वातंत्र्य, समता, बंधुता आहे ते काय वेगळं आहे. पण खरी परीक्षा भिंतीवर होत नाही, प्लेटाइमला होते. माझी एक चूक सांगते, म्हणजे तू तरी करणार नाहीस.

2022 चा सप्टेंबर, लेस्टर. ऑगस्टच्या शेवटी आशिया कपची भारत-पाकिस्तान मॅच झाली आणि त्यानंतर गावात हिंदू-मुस्लिमांमध्ये जे तापलं ते तुला माहितीय. माझ्या वर्गातला एक मुस्लिम मुलगा म्हणाला, मी हिंदूंच्या शेजारी बसणार नाही. मी त्याच दुपारी डीएसएलला काळजीचा फॉर्म भरून दिला. दोन दिवसांनी एक गुजराती पोरगा, दिवाळीला माझ्या पाया पडणारा, शेजारच्या मुलीने पुढे केलेलं निळं स्केचपेन घेईना. मम्मी म्हणते त्यांच्या हातचं काही घ्यायचं नाही. मी काय केलं? "असं नाही बोलायचं राजा" म्हटलं आणि गणिताचं पान उघडलं.

रात्री भांडी घासताना लक्षात आलं की वाक्य एकच होतं. एक मी लिहून दिलं, दुसरं पोटात घातलं, कारण ते आपल्यातलं होतं. फार लाज वाटली. सकाळी जाऊन डीएसएलला सगळं सांगितलं तर तिने एवढंच विचारलं, त्या दोघांना तू विचारलंस का, की काय झालंय? नव्हतं विचारलं. एकालाही नाही.

मग विचारलं. पहिल्याच्या बाबांनी भीतीने दोन दिवस दुकान लवकर बंद केलं होतं आणि तो घरी खिडकीपाशी बसून त्यांची वाट बघायचा. दुसऱ्याला कारणच माहीत नव्हतं, खांदे उडवले आणि म्हणाला, मिस, ते निळं पेन आता मिळेल का.

म्हणून सांगते, हो-नाही उत्तर येईल असं विचारू नकोस, "मला सांग" म्हण आणि गप्प बस. जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ टाकून लिही, तुझा अर्थ त्यात घालू नकोस. आणि आपल्यातल्या पोराचं असेल तर जरा जास्तच नीट लिही, कारण तिथेच आपला हात ढिला पडतो.

अजून एक, स्कूल कौन्सिलचं मतदान हात वर करून घेऊ नकोस, मुलं मित्राकडे बघून हात वर करतात. चिठ्ठ्या घे, मोजणी त्यांनाच करू दे. हरलेल्याच्या शेजारी त्या दिवशी थोडा वेळ बस.

आणि गेटवर आपल्या बायका भारतातल्या राजकारणावर तुझं मत विचारतील, देऊ नकोस. वर्गात तर नाहीच, मुलांवर एका पक्षाची मतं लादायला 1996 च्या कायद्यानेच मनाई आहे.

पहिला आठवडा झाला की फोन कर, शनिवारी चारनंतर, सकाळी माझी मराठी शाळा असते.

तुझी,
ताई